गोपालाचे कुळ कोणी विचारले?



आपल्या देशात माणसाला नाव विचारतात ते केवळ नाव कळावे म्हणून नव्हे. नावामागून आडनाव, आडनावामागून गाव, गावामागून वस्ती कोणत्या अंगाला, असे एकेक काढून घेत चौकशी करणारा जेथे पोहोचावयाचे तेथे बरोबर पोहोचतो. या चौकशीतून राजेही सुटलेले नाहीत. भेद इतकाच की, गरिबाचे कुळ शोधले जाते ते त्याला उंबरठ्याबाहेर ठेवण्यासाठी, आणि स्वतःच्या कर्तृत्वाने राज्यावर आलेल्याचे कुळ शोधले जाते ते त्याला सूर्याशी नाहीतर चंद्राशी नेऊन जोडण्यासाठी. दोन्ही चोपड्या लिहिणारा हात एकच आहे.

या दुसऱ्या चोपडीतील एक पान आज तुमच्यापुढे उलगडून ठेवावयाचे आहे. ते पान बंगाल-बिहारवर सुमारे चारशे वर्षे राज्य करणाऱ्या पाल घराण्याचे. हेच पान का? कारण या घराण्याविषयी दोन तऱ्हेची भाषा तुमच्या कानांवर पडते. एक पक्ष म्हणतो, बौद्ध धर्माने हा देश दुबळा केला; भिक्षापात्र हाती घेणाऱ्यांना राजदंड कसला पेलणार! दुसरा पक्ष आपल्यातलाच आहे. तो म्हणतो, पाल राजे बौद्ध होते, तेव्हा ते आपले. त्यांचा काळ म्हणजे धम्माचे सुवर्णयुग. आपणही मूळचे अशाच कोण्या राजकुळातले. पहिल्या पक्षाला उत्तर देणे सोपे आहे. दुसऱ्याला उत्तर देणे अवघड आहे, पण अधिक अगत्याचे आहे. परक्याने लादलेली वंशावळ आपण झिडकारतो; आपल्याच माणसाने प्रेमाने हातात ठेवलेली वंशावळ मात्र छातीशी धरतो.

प्रथम हे घराणे उभे कसे राहिले ते पाहू.

सातव्या शतकाच्या पूर्वार्धात गौड देशावर शशांक नावाचा राजा होता. बोधिवृक्ष तोडल्याचा आरोप ज्याच्यावर ह्युएनत्संगाने केला, तोच हा. तो मेला आणि बंगालची घडी विस्कटली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्या प्रदेशाला धड धनी राहिला नाही. कनोजचा यशोवर्मा येऊन गौडाच्या राजाला मारून गेला. त्या वधावर वाक्पतिराजाने प्राकृतात अख्खे काव्य रचले. बाहेरून येणारे येत होते, लुटून जात होते. आतले सामंत एकमेकांची गावे गिळत होते. तिबेटी इतिहासकार तारानाथ याने १६०८ साली आपला ग्रंथ पुरा केला. त्यात तो या काळाचे वर्णन असे करतो की, प्रत्येक क्षत्रिय, प्रत्येक ब्राह्मण, प्रत्येक व्यापारी आपापल्या घरापुरता राजा होता. देशाला मात्र राजा नव्हता.

या अवस्थेला आपल्या जुन्या राजनीतीत एक अचूक शब्द आहे: मत्स्यन्याय. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे, त्याला त्याहून मोठ्याने. ज्यांच्या पूर्वजांनी गावगाड्यात लहान माशाचा जन्म काढला, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

तारानाथाने पुढे एक कथा दिली आहे. लोक रोज नवा राजा निवडीत आणि पूर्वीच्या राजाची राणी राक्षसीचे रूप घेऊन रात्री त्याला खाऊन टाकी. अखेर गोपाल नावाचा तरुण एका घरी आला. त्या दिवशी राजा होण्याची पाळी त्या घरच्या मुलाची होती आणि घरात रडारड चालली होती. त्याने ती पाळी स्वतःवर घेतली, चुंदा देवीचे स्मरण करून लाकडी सोट्याने राक्षसीला मारले आणि सकाळी तो जिवंत सापडला. सात दिवसांत सात वेळा त्याची निवड झाली. मग लोकांनी त्यालाच कायमचा राजा केले. ही कथा आहे, इतिहास नव्हे. राक्षसीवर विश्वास ठेवा असे मी बुद्धिवादी धम्म स्वीकारलेल्या वाचकांना सांगणार नाही. पण कथेच्या पोटात काय आहे ते पाहा. रोज मरणारे राजे, रोज निवड करणारे लोक, आणि दुसऱ्याच्या मुलाची पाळी स्वतःच्या अंगावर घेणारा एक माणूस. या कथेत गोपालाला राज्य मिळते ते त्याने काय केले म्हणून. तो कोणाचा कोण म्हणून नव्हे.

आता कथा सोडून ताम्रपटाकडे येऊ. १८९३ साली माल्डा जिल्ह्यात, जुन्या गौड नगरीजवळच्या खालिमपूर गावी, एक ताम्रपट मिळाला. तो गोपालाचा मुलगा धर्मपाल याने आपल्या राज्याच्या ३२ व्या वर्षी पाटलिपुत्राच्या छावणीतून दिलेला आहे. त्याच्या आरंभी घराण्याची माहिती आहे आणि ती इतकी तोकडी आहे की, राजप्रशस्ती वाचणाऱ्या पंडिताला चुकल्याचुकल्यासारखे व्हावे. गोपालाचा आजा दयितविष्णू. त्याचे वर्णन काय, तर सर्व विद्यांनी शुद्ध झालेला. त्याचा मुलगा वप्यट. त्याचे वर्णन काय, तर शत्रूंचे खंडन करणारा. एक शिकलेला माणूस आणि एक लढवय्या. ना सूर्य, ना चंद्र, ना यदू, ना कुरू. आजाच्या पलीकडे घराणे जातच नाही! आणि मग गोपालाविषयी तो लेख सांगतो की, मत्स्यन्याय दूर व्हावा म्हणून प्रकृतींनी त्याला राज्यलक्ष्मीचा हात धरावयास लावले.

वाचकहो, हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचतो. आठव्या शतकातील एक सार्वभौम राजा आपल्या बापाविषयी तांब्यावर कोरून ठेवतो की, माझ्या बापाला राज्य देवाने दिले नाही, जन्माने मिळाले नाही. ते त्याला माणसांनी दिले, आणि ते एका कामासाठी दिले. ते कामही सांगून टाकतो: मोठ्याने लहानाला गिळू नये. त्या काळी दुसऱ्या राजांच्या दप्तरात असे वाक्य शोधावयास जाल तर डोळे शिणतील.

या वाक्याचे मोल कळावयास दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवावे लागतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा कसा झाला ते सांगितले आहे. इंद्र, वायू, यम, सूर्य, अग्नी, वरुण, चंद्र आणि कुबेर या आठ देवांचे अंश काढून ईश्वराने राजा घडविला. म्हणून राजा लेकरू असला तरी त्याला माणूस समजून अवमानू नये, तो नररूपाने वावरणारी मोठी देवता आहे. मनूलाही मत्स्यन्याय ठाऊक आहे. दंड नसेल तर बलवंत दुर्बलांना शुळावरच्या माशासारखे भाजतील, असे तो म्हणतो. पण त्या भीतीवर त्याचा उपाय काय? वरून पाठविलेला देव.

आता दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त पाहा. तेथे भगवान बुद्ध वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळातून आलेल्या तरुणांना सांगतात की, शेतांच्या बांधांवरून तंटे होऊ लागले, चोरी होऊ लागली, खोटे बोलणे सुरू झाले. तेव्हा लोक एकत्र जमले आणि आपल्यातल्याच योग्य माणसाकडे गेले. तू न्याय कर, आम्ही तुला आमच्या भातातला वाटा देऊ, असा करार झाला. बहुजनांनी मान्य केलेला म्हणून त्याचे नाव महासम्मत. राजा म्हणजे भाताच्या वाट्यावर नेमलेला लोकांचा माणूस! आणि क्षत्रिय हा शब्दही तेथे रक्तावरून येत नाही, क्षेत्राच्या म्हणजे शेताच्या रक्षणावरून येतो. खालिमपूरच्या ताम्रपटातील ओळ या सुत्ताशेजारी ठेवली की, ती कोणत्या विचाराच्या घरची आहे हे सांगावे लागत नाही. धर्मपाल स्वतःला परमसौगत म्हणवीत असे आणि त्याच्या मुद्रेवर दोन हरणांमध्ये धर्मचक्र होते. सारनाथचे ते चिन्ह.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. काही विद्वान म्हणतात, प्रकृती म्हणजे सामान्य प्रजा नव्हे. राजनीतिशास्त्रात अमात्यादी राज्यांगांनाही प्रकृती म्हणतात. तेव्हा गोपालाला निवडले ते चार मोठ्या सामंतांनी, नांगर धरणाऱ्याने नव्हे. असेल. त्या काळी गावोगाव मतपेट्या ठेवल्या होत्या असे म्हणण्याचा वेडेपणा आपणही करू नये. पण आक्षेप घेणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे: निवडणारे दहा असोत की दहा हजार, त्यांनी निवडताना काय पाहिले? शिकलेल्या माणसाचा नातू आणि लढवय्याचा मुलगा एवढीच त्याची ओळख घरच्या लेखात शिल्लक आहे. कुळ पाहून निवड झाली असती तर ते कुळ मुलाने ताम्रपटावर पहिल्या ओळीत कोरले असते. राजे आपले कुळ सांगताना संकोच करतात असा अनुभव कोणाला आहे काय?

आणि खरी मौज तर पुढे आहे. कुळ नव्हते, तर ते निर्माण करावे लागले. आणि एकदा निर्माण करावयाचे ठरले म्हणजे प्रत्येक कारागीर आपापल्या मापाने करतो. हरिभद्र नावाचा बौद्ध आचार्य धर्मपालाच्याच काळात प्रज्ञापारमितेवर टीका लिहितो आणि त्याला राजभटादी वंशातला म्हणतो. राजभट हे कोणा राजाचे नाव की राजाचा शिपाई, यावर पंडितांचा खल आजही चालू आहे. सुमारे तीनशे वर्षांनी रामपालाचे चरित्र रचणारा संध्याकरनंदी धर्मपालाला समुद्रकुळाचा दीप म्हणतो. कामरूपात राज्य मिळविलेला वैद्यदेव हा या घराण्याचा जुना मंत्री. तो कमौलीच्या ताम्रपटात आपल्या धन्यांना सूर्यवंशात नेऊन बसवितो. तारानाथ म्हणतो, आई क्षत्रिय आणि बाप वृक्षदेवता. अकबराच्या दरबारचा अबुल फझल त्यांना कायस्थ ठरवितो. सूर्य, समुद्र, झाड आणि लेखणी! चार जणांनी चार बाप सांगितले म्हणजे न्यायालय काय निष्कर्ष काढते, ते तुम्हाला माहीत आहे.

या सगळ्या गर्दीत एक आवाज निराळा आहे. मंजुश्रीमूलकल्प हा बौद्ध ग्रंथ आहे. त्यात भविष्यकथनाच्या रूपाने राजांचा इतिहास दिला आहे. तो पालांना दासजीवी म्हणतो. दासजीवी म्हणजे सेवाचाकरीवर पोट भरणारे. बौद्ध ग्रंथाला बौद्ध राजांची निंदा करावयाचे काय कारण होते? काही नाही. म्हणूनच ही साक्ष सगळ्यांत भारी आहे असे माझे मत आहे. ज्याला काही विकावयाचे नाही त्याचेच वजन खरे असते.

हा रोग एकट्या बंगालचा होता असे समजू नका. ज्या राष्ट्रकूटांनी वेरुळात डोंगर कोरून कैलास लेणे घडविले, तेच पालांचे प्रतिस्पर्धी. ध्रुव राष्ट्रकूटाने गंगायमुनेच्या दुआबात जाऊन धर्मपालाला हरविले. त्याचा मुलगा तिसरा गोविंद उत्तरेत गेला तेव्हा धर्मपाल त्याला शरण गेला असे राष्ट्रकूटांचा संजाणचा ताम्रपट सांगतो. धर्मपालाची राणी रण्णादेवी हीसुद्धा राष्ट्रकूट नाव लावणाऱ्या परबलाची मुलगी. या राष्ट्रकूटांच्या आरंभीच्या लेखांत यदूचा पत्ता नाही. दंतिदुर्गाने चालुक्यांचे राज्य घेतले ते तलवारीने; यदुकुळ आले ते नवव्या शतकात, राज्य स्थिर झाल्यावर, तिजोरी भरल्यावर. आधी राज्य, मग दान, मग वंशावळ. सर्व हिंदुस्थानात क्रम हाच आहे. आणि शाळेच्या पुस्तकात शिकवितात तो मात्र उलटा: आधी क्षत्रिय वंश, मग राज्य.

बौद्ध धर्माने माणसे दुबळी होतात म्हणणाऱ्या पक्षाला आता थोडक्यात वाटेला लावू. धर्मपालाने कनोजला दरबार भरवून चक्रायुधाला गादीवर बसविले. भोज, मत्स्य, मद्र, कुरू, यदू, अवंती, गांधार अशा अनेक देशांच्या राजांनी माना लववून त्याला संमती दिली, असे त्याचा ताम्रपट सांगतो. प्रशस्तीतील अतिशयोक्ती वजा केली तरी कनोजचा राजा पाटलिपुत्राहून ठरत होता एवढे उरते. त्याचा मुलगा देवपाल याच्या काळी सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेस विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने त्या विहाराला पाच गावे लावून दिली. हा ताम्रपट १९२१ साली नालंदेच्या उत्खननातच मिळाला. सोमपुरचा महाविहार, म्हणजे आजच्या बांगलादेशातील पहाडपूर, धर्मपालाच्या नावाच्या मृण्मुद्रांनी ओळखला गेला. त्या एका विहारात १७७ खोल्या आहेत. विक्रमशिला त्यानेच स्थापिली आणि तेथूनच अकराव्या शतकात अतीश दीपंकर तिबेटात गेला. हर्षाचे साम्राज्य त्याच्याबरोबर ६४७ साली विरून गेले. मान्यखेटचे राष्ट्रकूट सव्वादोनशे वर्षांत संपले. पाल चारशे वर्षे टिकले. दुबळ्यांना हे साधत असेल तर दुबळेपणाची व्याख्या बदलावी.

असो. येथे लेख संपविला असता तर तुम्ही संतुष्ट झाला असता, आणि मी तुमची फसवणूक केली असती.

कारण त्याच खालिमपूरच्या ताम्रपटाचा दुसरा भाग वाचला पाहिजे. ज्या पटाच्या आरंभी प्रकृतींनी राजा केल्याची गोष्ट आहे, त्याच पटाने धर्मपालाने चार गावे दिली; ती कोणाला? नारायणवर्मा नावाच्या महासामंताने बांधलेल्या विष्णूच्या देवळाला. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हा दोष नव्हे, तो अशोकाचा गुण आहे. पण देवपालाच्या मुंगेरच्या ताम्रपटात धर्मपालाची स्तुती कशासाठी केली आहे पाहा: शास्त्राचा अर्थ जाणून, ढळू पाहणाऱ्या वर्णांना त्याने आपापल्या धर्मावर स्थिर केले. आणि अकराव्या शतकातील तिसरा विग्रहपाल तर चातुर्वर्ण्याचा आधार म्हणवून घेतो! वर बुद्धाला वंदन, मुद्रेवर धर्मचक्र, आणि आत चातुर्वर्ण्याचा पहारा. ज्या बुद्धाने वासेट्ठाला सांगितले की वर्णांची उत्पत्ती ब्रह्म्याच्या मुखातून नव्हे, त्याचे उपासक म्हणवणारे हे राजे वर्णांचे पहारेकरी झाले.

हे कसे झाले ते सांगणारा एक खांब आहे. जुन्या दिनाजपूर जिल्ह्यात बादलजवळ गरुडस्तंभ उभा आहे. चार्ल्स विल्किन्स याने १७८० साली तो प्रथम पाहिला. तो नारायणपालाचा ब्राह्मण मंत्री गुरवमिश्र याने आपल्या कुळाच्या गौरवासाठी उभारला. त्यावर कोरले आहे की, धर्मपाल केवळ पूर्वेचा स्वामी होता, त्याला सर्व दिशांचा स्वामी केला तो आमच्या गर्गाने. देवपाल राजा दर्भपाणीच्या दाराशी त्याला सवड होईपर्यंत तिष्ठत असे. त्याला आधी आसन देऊन मग स्वतः बिचकत सिंहासनावर बसे. केदारमिश्राच्या यज्ञाला शूरपाल राजा जाई आणि मस्तक लववून शांतिजल घेई.

हे खरे किती आणि फुशारकी किती, हा प्रश्न निराळा. पण राजाच्या हयातीत, राजाच्या राज्यात, राजाचा मंत्री असे दगडावर कोरतो आणि त्याला कोणी हटकीत नाही, यातच सर्व आले. मनूने चौथ्या अध्यायात सांगून ठेवले आहे की, शूद्राच्या राज्यात राहू नये. ज्या घराण्याला त्याच्याच धर्माचा ग्रंथ दासजीवी म्हणतो, त्याच्या राज्यात गर्गाचे कुळ पिढ्यान्‌पिढ्या मंत्रिपदे भूषवीत राहिले. राहू नये हा नियम राहणाऱ्याच्या सोयीने वाकतो. शिवू नये हा नियम मात्र कोणासाठी वाकत नाही.

आणखी एक ओळ सांगतो. देवपालाच्या आणि त्याच्यामागून आलेल्या राजांच्या ताम्रपटांत, गाव दान दिल्याची वर्दी कोणाकोणाला द्यावयाची त्याची यादी असते. ती ब्राह्मणांपासून सुरू होते. मग गावचे महत्तर, मग कुटुंबी म्हणजे कुणबी, आणि शेवटी मेद, आंध्रक, चांडाळापर्यंत. चांडाळपर्यंतान्, असा शब्दच आहे. काही अभ्यासक या ओळीचे कौतुक करतात: पाहा, बौद्ध राजाने चांडाळालाही वर्दी दिली! वर्दी दिली हे खरे. पण ती काय म्हणून दिली? आजपासून तुमचा करभार आणि तुमची आज्ञाधारकता अमक्याकडे वळती झाली, हे कळावे म्हणून. यादीत त्याचे नाव आहे, शेवटी आहे, आणि गाव दिले गेले तेव्हा त्याला कोणी काही विचारले नाही. प्रकृतींनी राज्य दिले त्या घराण्याच्या दप्तरात प्रकृतीचे शेवटचे टोक असे नोंदलेले आहे.

नवदीक्षित कुटुंबातील बंधुभगिनींनो, म्हणून मी म्हणतो की, पाल राजे आपले पूर्वज होते की नव्हते हा प्रश्नच सोडून द्या. त्या यादीत आपण कोठे असतो, एवढे पाहिले की पुरे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर जे लाखो लोक उभे होते, त्यांना दीक्षा देताना कोणी वंश विचारला नाही. कोणी क्षत्रियत्वाचा दाखला मागितला नाही. आता तो दाखला आपण होऊन शोधावयास निघणे म्हणजे ज्या दुकानातून बाहेर पडलो त्याच दुकानात उधारीचे खाते पुन्हा उघडणे होय. तुमचा मुलगा शाळेतून येऊन विचारील, आपण कोणत्या राजाचे? त्याला गोपालाची गोष्ट सांगा, पण पुरी सांगा. पुरी म्हणजे पुढे येते ती सुद्धा.

गोपालानंतर सव्वातीनशे वर्षांनी, १०७० नंतरच्या दशकात, दुसरा महीपाल गादीवर होता. त्याने शूरपाल आणि रामपाल या आपल्या दोघा भावांना बंदीत टाकले होते. त्याच्याच घराण्याचा आश्रित कवी संध्याकरनंदी कबूल करतो की, महीपाल अनीतीच्या कामांत गढला होता. तेव्हा वरेंद्रीत, म्हणजे पालांच्या मूळ भूमीतच, उठाव झाला. त्याचा पुढारी दिव्य हा कैवर्त होता. कैवर्त म्हणजे मासे धरणारे, नावा वल्हविणारे आणि नांगर धरणारे लोक. मत्स्यन्याय मोडण्यासाठी निवडलेल्या घराण्याविरुद्ध शस्त्र उचलण्याची पाळी कोळ्यांवर आली! महीपाल लढाईत पडला. दिव्य, त्याचा भाऊ रूदोक आणि रूदोकाचा मुलगा भीम अशा तिघांनी क्रमाने वरेंद्रीवर राज्य केले. काही विद्वान याला सामंतांचे बंड म्हणतात, कारण दिव्य हा पालांच्याच चाकरीतला मोठा अधिकारी होता. काही त्याला रयतेचा उठाव म्हणतात. गोपालाच्या वेळी प्रकृती म्हणजे केवळ सामंत असे सांगणारे आणि दिव्याच्या वेळी कैवर्त म्हणजे केवळ सामंत असे सांगणारे पुष्कळदा तेच असतात, एवढे नमूद करून पुढे जातो.

रामपालाने काय केले? ज्यांच्या संमतीने त्याचा मूळ पुरुष राजा झाला, त्या लोकांकडे तो गेला नाही. तो सामंतांच्या दारोदार फिरला, त्यांना जमिनी आणि द्रव्य वाटले, राष्ट्रकूट कुळातल्या मामाची मदत घेतली आणि फौज जमवून गंगा ओलांडून आला. भीम हत्तीवर असताना पकडला गेला. संध्याकरनंदीचा बाप रामपालाचा संधिविग्रहिक होता. कवीने आपले काव्य असे रचले की, एकाच श्लोकात एक अर्थ रामाचा आणि दुसरा रामपालाचा निघावा. रामपाल झाला राम, वरेंद्री झाली सीता, आणि ती हरण करणारा कोळ्यांचा राजा झाला रावण. बौद्ध राजाच्या दरबारात कैवर्ताला राक्षस ठरविण्यासाठी रामायण कामाला लावले गेले! तरीही सत्य असे चिवट की, त्याच कवीच्या हातून भीमाची स्तुती झाली आहे. त्याच्या राज्यात लोक सुखी होते, हे शत्रूच्या पगारी लेखणीला दडविता आले नाही.

युद्धानंतर भीमाच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरच्यांना मारले आणि मग त्याला बाणांनी विंधून ठार केले. रामपालाने रामावती नावाची राजधानी वसविली आणि वरेंद्रीत जगद्दल नावाचा विहार उभारला. ज्या भिक्षूंनी त्या विहारात त्रिशरण म्हटले, त्यांना भीमाची मुले आठवली की नाही, ते कोणत्याही ताम्रपटात नाही. पन्नास वर्षे गेली नाहीत तोच पालांचे राज्य मोडकळीस आले आणि कर्नाटकातून आलेले सेन बंगालचे धनी झाले. ते येतानाच ब्रह्मक्षत्रिय हे कुळ बरोबर घेऊन आले होते. त्यांना कोणी निवडले नव्हते. बंगाली ब्राह्मणांतील कुलीनपणाची उतरंड परंपरा त्यांच्याच बल्लालसेनाच्या नावावर सांगते.

आज बांगलादेशातील नौगाँव या एकाच जिल्ह्यात तीन गोष्टी पाहावयास मिळतात. पहाडपूरला धर्मपालाच्या महाविहाराचे अवशेष आहेत. १९८५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. धामोइरहाट भागात गुरवमिश्राचा गरुडस्तंभ आहे आणि त्यावरचे श्लोक अजून वाचता येतात. आणि पत्नीतला भागात दिबर नावाच्या मोठ्या तळ्याच्या मध्यभागी पाण्यातून वर आलेला एक दगडी खांब आहे. तेथील लोक तो दिव्याचा म्हणून दाखवितात.